अडकलेली अक्कलदाढ: दुखणं थांबलं तरी तपासणी टाळू नका

माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ पहिल्यांदा दुखली तेव्हा मी २३ वर्षांची होते. साखळीहून रोज पणजीला, पाटोवरच्या ऑफिसात जायचे. तीन दिवस तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना, गिळताना कळ थेट कानात जायची. फार्मसीतून गोळ्या आणल्या, चौथ्या दिवशी सगळं शांत. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा गोळ्या, पुन्हा शांत. अशी दोन वर्षं गेली. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा दिसलं की अक्कलदाढ तिरकी होऊन पुढच्या दाढेला टेकली आहे आणि त्या फटीत अन्न साचून साचून पुढची चांगली दाढ मागच्या बाजूने किडली आहे. अक्कलदाढ निघाली, पण पुढच्या दाढेचं रूट कॅनल करावं लागलं, वर कॅप बसवावी लागली. पैसे आणि फेऱ्या दोन्ही त्या दुसऱ्या दाढेपायीच जास्त लागल्या.

गेल्या वर्षी धाकट्या भावाला तसंच दुखू लागलं. त्याला मी पहिल्याच आठवड्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात नेलं. त्याची पुढची दाढ वाचली. मला तेव्हा कुणी सगळं क्रमाने सांगितलं असतं तर माझीही वाचली असती, म्हणून हे लिहिते आहे. औषध कोणतं, दाढ काढायची की नाही, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यापर्यंत वेळेत आणि तयारीने कसं पोहोचायचं ते इथे वाचा.

१. दुखणं अक्कलदाढेचं आहे का, ते ओळखा

अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात. बहुतेकांना चार असतात, काहींना कमी, काहींना एकही नसते. जबड्यात शेवटी जागा उरली नसेल तर दाढ तिरकी येते, आडवी पडते किंवा हाडातच राहते. तिला डॉक्टर ‘इम्पॅक्टेड’ म्हणतात.

सगळ्यात जास्त त्रास देते ती अर्धवट वर आलेली खालची दाढ. तिच्यावर हिरडीची एक झडप राहते. झडपेखाली अन्न जातं, तिथे ब्रश पोहोचत नाही, जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. केसपेपरवर ‘पेरिकोरोनायटिस’ लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ हाच. वरची दाढ त्या सुजलेल्या झडपेवर आपटत राहिली की दुखणं आणखी वाढतं.

खुणा अशा: अगदी मागे हिरडी लाल आणि फुगलेली, तोंड पूर्ण न उघडणं, तोंडाला घाण वास किंवा खारट-कडू चव, जबड्याखाली हाताला लागणारी दुखरी गाठ, कानापर्यंत जाणारी कळ. मी तर आधी कान तपासून घेतला होता. कानात काहीच नव्हतं. थंड पाणी पिताना किंवा रात्री आडवं झाल्यावर ठणका लागत असेल तर मात्र कीड दाताच्या आतल्या नसेला पोहोचल्याची शंका घ्यावी, मग ती अक्कलदाढेत असो की तिच्या पुढच्या दाढेत.

आणि ही दाढ बऱ्याचदा न दुखताही नुकसान करते. पुढच्या दाढेला कीड लागते, क्वचित तिचं मूळ झिजतं, कधी हाडातल्या दाढेभोवती पाण्याची पिशवी, म्हणजे सिस्ट, तयार होते. म्हणून दुखणं थांबलं याचा अर्थ सूज उतरली, एवढाच घ्या.

२. दुखण्याच्या रात्री काय करावं

ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दर दोन-तीन तासांनी हलक्या गुळण्या करा. झडपेखालचं अडकलेलं निघालं की अर्धं दुखणं कमी होतं. मऊ ब्रशने मागची बाजू घासणं थांबवू नका, थोडं रक्त आलं तरी. पॅरासिटामॉल घेत असाल तर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेतच घ्या.

आपल्याकडे घराघरांत एक उपाय सांगतात: फेणीची किंवा हुर्राकाची चूळ दाढेवर धरून ठेवायची. घटकाभर बधिर वाटतं खरं, पण सुजलेली हिरडी त्याने भाजते आणि झडपेखालच्या जंतूंना काही होत नाही. अॅस्पिरिनची गोळी दाढेजवळ ठेवल्यानेही गालाच्या आत पांढरा, भाजल्यासारखा डाग पडतो. गोळी गिळायची असते. लवंगेचं शुद्ध तेल थेट हिरडीवर ओतू नका. गालावर बाहेरून गरम शेक देऊ नका, सूज पसरू शकते.

सगळ्यात मोठा धोका मी ज्यात अडकले तो. मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या, किंवा शेजारणीला लागू पडल्या त्या गोळ्या. त्यांनी सूज उतरते, दाढ आहे तिथेच राहते आणि तुमची तपासणी तीन महिने पुढे जाते.

३. ओपीजी एक्स-रे काढून घ्या

दाताच्या दवाखान्यात जो छोटा एक्स-रे काढतात त्यात आडवी दाढ पुष्कळदा पूर्ण येत नाही. दोन्ही जबडे एका चित्रात दाखवतो तो ओपीजी. त्यासाठी उभं राहून हनुवटी टेकवायची आणि यंत्र डोक्याभोवती फिरेपर्यंत हलायचं नाही. काही सेकंदांचं काम आहे, दुखत अजिबात नाही. कानातले, नाकातली चमकी, गळ्यातलं, केसांच्या पिना आधी काढून ठेवा. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर एक्स-रेआधीच सांगा.

हातात चित्र आलं की स्वतः बघा. समोरच्या माणसाकडे पाहावं तसं ते असतं, म्हणजे तुमची उजवी बाजू चित्रात डावीकडे दिसते. डॉक्टर दाढांना आकडे देतात: उजवी वरची १८, डावी वरची २८, डावी खालची ३८, उजवी खालची ४८. तिच्या पुढच्या दाढेचा आकडा एकाने कमी. माझी अडकलेली ४८ होती आणि किडलेली ४७. हे आकडे पाठ करा. चिठ्ठी एकाने लिहिलेली आणि दाढ काढणार दुसरा, असं असतं तेव्हा खुर्चीत बसण्याआधी कागदावरचा आकडा आणि दुखणारी बाजू जुळते का, हे तुम्हीही पाहिलेलं बरं.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. दाढ कोणत्या कोनात आहे? पुढच्या दाढेला कीड किंवा झीज दिसते का? आणि मुळं नसेच्या किती जवळ आहेत? खालच्या जबड्यातून एक नस जाते, खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव तिच्यामुळे असते. मुळं तिला चिकटलेली वाटली तर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन सांगतात. तो उगाच वाढवलेला खर्च समजून टाळू नका. क्वचित, नस फारच जवळ असेल तर दाढेचा फक्त वरचा भाग काढून मुळं तशीच ठेवतात. त्याला कोरोनेक्टमी म्हणतात.

४. काढायची की ठेवायची

सरळ वर आलेली, घासता येणारी, कीड नसलेली अक्कलदाढ काढायची गरज नसते. ब्रिटनमध्ये नाइस या सरकारी संस्थेने २००० सालीच सांगितलं की आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा सरसकट काढू नयेत. ‘पुढचे दात वाकडे होतील म्हणून काढून टाका’ एवढंच कारण कुणी दिलं तर दुसरं मत घ्या. अक्कलदाढेच्या रेट्याने पुढचे दात वाकडे होतात याला भक्कम पुरावा नाही.

काढण्याची कारणं ठोस असतात: हिरडी वारंवार सुजणं, दाढेतली किंवा पुढच्या दाढेतली कीड, सिस्ट, झीज. यातलं एकही तुमच्या एक्स-रेत असेल तर थांबू नका. पंचविशीच्या आत हाड लवचिक असतं, मुळं पूर्ण वाढलेली नसतात, जखम लवकर भरते. चाळिशीनंतरही दाढ काढतातच, फक्त काम थोडं अवघड होतं.

एक गोष्ट नव्याने जाणाऱ्यांना खटकते. सूज आणि पू असताना पुष्कळदा डॉक्टर त्याच दिवशी दाढ काढत नाहीत. आधी झडपेखाली धुतात, औषध देतात, आठवड्याने बोलावतात. याच आठवड्यात बहुतेक लोक गळतात, कारण दुखणं थांबलेलं असतं. मी दोनदा गळले. तारीख घेऊनच बाहेर पडा.

५. गोव्यात कुठे जायचं

बांबोळीला राष्ट्रीय महामार्गालगत, गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात गोवा दंत महाविद्यालय आणि इस्पितळ आहे. पणजी-मडगाव मार्गावरच्या बसेस गोमेकॉसमोर थांबतात. डिचोली, सत्तरी, पेडणे किंवा फोंड्याहून येणाऱ्यांनी पणजीच्या कदंब स्टँडवर बस बदलायची. म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही दातांचा विभाग आहे. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात दंतचिकित्सक असेल तर पहिली तपासणी आणि चिठ्ठी तिथूनच घ्या, एक फेरी वाचते.

दंत महाविद्यालयात सकाळी लवकर पोहोचा. आधी केसपेपर, मग पहिली तपासणी, मग एक्स-रे, मग शस्त्रक्रियेचा विभाग, असा क्रम असतो. एका दिवसात दाढ निघेल असं धरून जाऊ नका. आम्ही तीन फेऱ्यांची तयारी ठेवली होती आणि तीनच लागल्या: तपासणी, शस्त्रक्रिया, टाके. काम शिकाऊ डॉक्टर करतात, वर ज्येष्ठ डॉक्टर असतात. वेळ जास्त लागतो हे खरं. पण भावाची दाढ काढणारी मुलगी प्रत्येक टप्पा त्याला सांगत होती आणि तिच्या शेजारी उभे असलेले सर दोनदा तिला थांबवून कोन बदलायला लावत होते. मला ते पाहून धीरच आला.

खासगीत गेलात तर एवढं विचारा: दाढ कोण काढणार? हाडातली दाढ काढण्याचं वेगळं शिक्षण असतं, त्या तज्ज्ञांना ओरल सर्जन म्हणतात. लहान दवाखान्यांत ते ठरावीक वारी बाहेरून येतात. सांगितलेल्या रकमेत एक्स-रे, टाके काढणं आणि नंतरची तपासणी धरली आहे का, तेही विचारा. साध्या दाढेचा दर वेगळा आणि हाड कापून काढायच्या दाढेचा वेगळा. फोनवर सांगतात तो बहुधा पहिला असतो. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीत दातांचा भाग वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसींत अपघात सोडून दातांचा खर्च वगळलेला असतो.

६. सोबत काय न्यायचं

- आधार कार्ड आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असल्यास ते. काउंटरवर आधीच दाखवून विचारा.
- जुने केसपेपर, जुने एक्स-रे, अगदी वाकडेतिकडे झालेलेसुद्धा. ओपीजीचा फोटो मोबाईलवरही ठेवा.
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं. नावं आठवत बसण्यापेक्षा पाकिटं पिशवीत घाला.
- रक्ततपासणी सांगितली असेल तर तिचा अहवाल. साखर, हिमोग्लोबिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, असं बहुधा विचारतात.
- छोटा टॉवेल, पाण्याची बाटली आणि एक माणूस.

रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाचा आजार, गरोदरपण, पेनिसिलिनची किंवा इतर औषधाची अॅलर्जी, हाडांच्या ठिसूळपणावरच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, यातलं काहीही न विचारता सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या बंद केल्याने होणारा धोका दाढेच्या रक्तस्रावापेक्षा मोठा असू शकतो.

७. दिवस नीट निवडा

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात दाढ काढायची नाही. घरात नेवऱ्या तळल्या जात असताना पेज पिणं अवघड असतं, ते सोडा. पण रक्त थांबेनासं झालं तर तुमचा दवाखाना सुट्टीमुळे बंद असतो. पुढचे तीन दिवस घरी राहता येईल आणि नंतरचे दोन-तीन दिवस डॉक्टर उपलब्ध असतील असा वार घ्या. सोमवार किंवा मंगळवार उत्तम. ऑफिसात रजेचा कागद लागत असेल तर त्याच दिवशी मागून घ्या.

८. त्या दिवशी

नुसती जागेवर भूल असेल तर उपाशी जायचं नाही, पोटभर नाश्ता करून जा. पूर्ण गुंगी देणार असतील तरच उपास, आणि तो किती तासांचा ते डॉक्टर सांगतात.

इंजेक्शन टोचतं, मग खालचा ओठ आणि अर्धी जीभ जड होते. ओठ जड झाला नसेल तर स्पष्ट सांगा, आणखी भूल देतात. नंतर हिरडी थोडी उघडतात, लागेल तेवढं हाड पाण्याच्या फवाऱ्याखाली कापतात आणि आडवी दाढ तुकडे करून काढतात. दाब आणि कडकड आवाज जाणवतो, धारदार दुखणं जाणवता कामा नये. दुखलं तर हात वर करा. माझ्या दाढेला पाऊण तास लागला, भावाच्या दाढेला पंचवीस मिनिटं. शेवटी टाके आणि कापसाचा बोळा.

घरी स्कूटर चालवत जाऊ नका. सोबतचा माणूस त्यासाठीच.

९. पहिले आठ दिवस

सगळी मेहनत इथेच बिघडू शकते. दाढ काढलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. तीच जखमेचं झाकण. ती निघाली तर खालचं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सगळं बरं होतंय असं वाटत असतानाच, भयंकर ठणका सुरू होतो. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. म्हणून बोळा सांगितला तेवढा वेळ, सहसा अर्धा ते एक तास, घट्ट चावून धरा. पहिले २४ तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. स्ट्रॉने शहाळं प्यायचं नाही, ओढण्याच्या जोराने गुठळी सुटते. लाळ गिळून टाका. लाळेत गुलाबी झाक दिवसभर राहते, तिला घाबरू नका. सिगारेट, तंबाखू, मिशरी निदान आठवडाभर पूर्ण बंद.

पहिल्या दिवशी गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते. आमची आई भावाचा गाल बघून घाबरली होती, पण चौथ्या दिवसापासून तो उतरू लागला. झोपताना दोन उशा घ्या. २४ तासांनंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात घेऊन नुसतं डोकं कलतं करायचं आणि ओघळू द्यायचं. खळखळ नाही.

ओठ बधिर आहे तोवर काही खाऊ नका, कळतही नाही आणि ओठ चावला जातो. त्यानंतर गार केलेली उकड्या तांदळाची पेज, ताक, नाचण्याचं गार तिझन (पातळ खीर), मिरची न घातलेली सोलकढी. तिसऱ्या दिवसापासून मऊ भात आणि वरण. नुस्तं (मासे) खायचं तर काटा पूर्ण काढून, आणि तेही आठवड्याच्या शेवटी. खोबऱ्याचा चव, तीळ, शेव, काजूचे कण, पोह्यांचा चुरा खड्ड्यात जाऊन बसतात, ते दोन आठवडे लांब ठेवा. उंडो (गोल कडक पाव) हाही नको, त्याची कडक पापडी टाक्यांना लागते.

गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नका. अँटिबायोटिक दिलं असेल तर सांगितले तेवढे दिवस पूर्ण करा. चिठ्ठीत मेट्रोनिडाझोल असेल तर त्या दिवसांत दारू अजिबात नाही. औषध संपल्यावरही दोन-तीन दिवस नाही.

१०. केव्हा वाट बघायची नाही

बोळा तासभर चावूनही ताजं लाल रक्त येत राहिलं, तिसऱ्या दिवसानंतर दुखणं किंवा सूज वाढू लागली, ताप आला, पू आला, तर दाढ काढली तिथे त्याच दिवशी परत जा. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिर असेल तर कळवा. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, पण नोंद लवकर झालेली चांगली.

गिळता येत नाही, श्वास घ्यायला त्रास होतो, जीभ वर उचलल्यासारखी वाटते किंवा हनुवटीखालचा भाग टणक सुजला आहे, यातलं काहीही दिसलं तर दातांच्या ओपीडीची वेळ बघत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत जा. जंतुसंसर्ग मानेत उतरला तर काही तासांत श्वास अडू शकतो. हे दाढ काढण्याआधीच्या सुजेलाही तितकंच लागू आहे.

११. टाके निघाल्यावर

रेशमी टाके साधारण सातव्या दिवशी काढतात, विरघळणारे असतील तर ते आपोआप जातात. तोंड पूर्ण उघडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. टाके काढायच्या दिवशी न चुकता सांगा, ‘पुढची दाढही बघा.’ तिच्या मागच्या बाजूला आता पहिल्यांदाच डॉक्टरांना नीट पाहता येतं. तिथे लहान कीड असेल तर तेव्हाच भरून घेता येते. भावाच्या ४७ नंबरला सुरुवातीची कीड सापडली ती अशीच, आणि एका बैठकीत भरून झाली.

जखम भरेपर्यंत खड्डा काही आठवडे राहतो. जेवण झाल्यावर चूळ भरा आणि लहान डोक्याचा ब्रश शेवटच्या दाढेच्या मागच्या बाजूने फिरवा. भावाची डावीकडची ३८ सरळ आली आहे, घासता येते, म्हणून ठेवली आहे. दर वर्षी जानेवारीत ती दाखवून आणायची असं आम्ही ठरवलं आहे, दुखो न दुखो.